चार बोटं फट

प्रिय ठकू,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. बाबांचा गुडघा कुरकुरतो आणि गुडघ्याहून जास्त बाबा कुरकुरतात. दर रविवारी तू त्यांना फोन करतेस, माझी तब्येत त्यांना विचारतेस, मग ते फोनवर तळवा ठेवून माझ्याकडे बघतात आणि मी मान हलवते. एवढ्याशा खोलीत वर्षभर हा असा दुभाष्याचा कारभार चाललाय.

कामाचं सांगते, ते मला जास्त जमतं. तुमच्या खात्याच्या वीज-इंधन वाचवायच्या नियमांप्रमाणे आपलं रोपांचं काचघर आता पुरतं बदललंय. मागच्या हंगामाआधी तपासनीस पहिल्यांदा आला. सडपातळ, अबोल माणूस. दार उघडं राहावं म्हणून मी लावलेली वीट त्याने आधी पायाने बाजूला सारली. मग धुराची एक कांडी पेटवून भिंतीच्या कडेकडेने चालत गेला. जिथे धूर आडवा पळाला तिथे खडूने फुली. तेवीस फुल्या झाल्या. मी म्हटलं, हे काचघर आहे की चाळणी! तो हसला नाही, पण फुल्या पुन्हा मोजून त्याने कागदावर आकडा लिहिला. पलीकडे बंद खोलीत दिव्यांवर पालेभाजी वाढवतो ना, त्या शेजाऱ्याकडे तर दिव्यांपेक्षा हवा कोरडी करायचं यंत्रच जास्त वीज खात होतं. त्यालाही ते त्या दिवशीच कळलं.

मग आम्ही फटी बुजवल्या, गरम पाण्याच्या नळांना वेष्टणं घातली, जुने पिवळे दिवे उतरवून एलईडी लावले आणि छताखाली रात्रीची ऊब धरून ठेवणारा तो रुपेरी पडदा बसवला. संध्याकाळी सरकत जाऊन मिटतो, सकाळी उघडतो. मोटर लावायला आलेला फिटर चार दिवस आमच्याकडेच जेवला आणि बाबांना त्याने बुद्धिबळात सात वेळा हरवलं. खरं ते खरं, बॉयलरच्या इंधनाची टाकी पूर्वी तीन आठवड्यांत रिकामी व्हायची, ती आता पाचव्या आठवड्यापर्यंत जाते. हे मी कोणाला सांगितलं नाही. कशाला सांगेन? मीच तर भर सभेत याच्या विरोधात उभी राहिले होते.

त्या सभेबद्दल आपण कधी बोललो नाही. तू पुढे पडद्यावर तक्ते दाखवत होतीस, आम्ही रोपवाटिकावाले घुश्शात बसलो होतो, आणि मी उठून म्हणाले की, ज्यांनी हे नियम लिहिलेत त्यांनी जन्मात एक रोप वाढवलेलं नाही. काय टाळ्या पडल्या! निम्म्यांना माहीतही नव्हतं की मी तुझी आई. तू कागद सारखे केलेस आणि म्हणालीस, "पुढचा प्रश्न." बस्स. तू तुझ्या हुद्द्याच्या रुबाबात गप्प राहिलीस असं मी घरी येताना बाबांना ठणकावून सांगितलं. बाबा गाडी चालवत होते. एवढंच म्हणाले की, नवव्या वर्षी ती तुझ्याहून सरळ ओळीत रोपं लावायची.

थंडी पडली आणि पडदा मिटायला लागल्यापासून तिसऱ्या आठवड्यात काकडीच्या रोपांवर राखाडी बुरशी आली. पहाटे पडद्याच्या खालच्या अंगाला पाण्याचे थेंब लोंबत आणि टपटप पानांवर पडत. जुन्या दिव्यांच्या धगीने पानं आपोआप कोरडी व्हायची. हे नवे दिवे वीज कमी खातात, पण त्यांची पानांना ऊब नाही. आठ दिवसांत काचघराचा एक अख्खा कप्पा गेला. ट्रे उचलून बाहेर टाकताना मला काय वाटलं ते लिहिते, कारण तोंडाने माझ्याच्याने बोलवणार नाही. मला बरं वाटलं. घ्या, झालं ना मी म्हणत होते तसं! रोपं मरत होती आणि मी जिंकत होते. मग एका ट्रेमध्ये दोन रोपं अजून तग धरून असलेली दिसली. त्यांच्याशी नजर मिळवायची लाज वाटली. रोपांना डोळे नसतात हे मलाही कळतं.

त्या दिवसापासून मी हट्ट सोडला आणि काम धरलं. एका कप्प्यात पडदा नियमाप्रमाणे पूर्ण मिटवला, दुसऱ्यात दमटपणा वाढला की चार बोटं फट ठेवली आणि हलका पंखा लावला. चाळीस सकाळी दोन्हीकडची हवा, पानांची ओल आणि टाकीची पातळी वहीत लिहिली. फटीच्या कप्प्यात बुरशीचा एक डाग नाही. इंधन थोडं जास्त लागलं, पण मेलेला कप्पा नव्याने वाढवायला जेवढं लागतं त्याच्या पासंगालाही पुरणार नाही एवढंच.

परवा तपासनीस दुसऱ्यांदा आला. फट बघितली आणि नियमभंग लिहिला. मी वही पुढे केली. त्याने उभ्याउभ्या सगळी पानं वाचली, मग ट्रेच्या टेबलाला टेकून पुन्हा वाचली. म्हणाला, "पटतंय मला. पण माझ्या कागदात याला रकाना नाही." मग वही परत देत म्हणाला, "पहिल्या मसुद्यात होता. हरकतींसाठी तुम्हा सगळ्यांना टपालाने पाठवला होता. वाचला नाहीत?"

मी तो लिफाफा फोडलाही नव्हता. तो गेल्यावर शोधून काढला. कलम नववे: दमटपणा वाढल्यास पडद्याला चार बोटं फट ठेवण्याची मुभा असावी. ठकू, सरकारी कागदात बोटांनी माप कोण लिहितं? हे आपल्या घरातलं माप. बाबा म्हणतात, समितीने ते कलम काढलं तेव्हा तू दोन बैठका भांडलीस. लोक फटीच्या नावाखाली पडदेच उघडे ठेवतील, असं समितीचं म्हणणं पडलं. हे बाबांना तू तेव्हाच सांगितलं होतंस, आणि मला न सांगण्याबद्दल बजावलंही होतंस. म्हणजे मी सभेत उठले तेव्हा तू एका वाक्यात मला गप्प करू शकली असतीस. खात्याची माणसं लोकांसमोर समितीचं उणं काढत नाहीत म्हणून तू टाळ्या ऐकून घेतल्यास.

येत्या गुरुवारी नियमांच्या फेरविचाराची सुनावणी आहे, आणि बोलणाऱ्यांच्या यादीत मी नाव दिलंय. पडद्याने इंधन वाचतं हे आधी सांगेन, मग वही ठेवेन आणि नववं कलम परत मागेन. समितीला बोटं चालत नसतील तर पट्टीने मोजून आणेन. तू तिथे बसलेली असशील. आपलं नातं मी पहिल्या वाक्यातच सांगणार आहे, कारण मागाहून कुणी ते कुजबुजलं तर बट्टा तुला लागेल. त्यात तुला अडचण असेल तर बुधवारपर्यंत कळव, मग वही तो पालेभाजीवाला शेजारी मांडेल. पण सभेतलं माझं ते वाक्य मागे घेण्याबद्दल मात्र मी तुला विचारत नाहीये. सभेत जे बोलले ते खोटं होतं, आणि बोलताना मला माहीत होतं. चारचौघांत बोलले, तेव्हा चारचौघांतच मागे घेणार. फक्त ते तुला त्या गर्दीत, समोर कागद घेऊन, चेहरा सरळ ठेवून पहिल्यांदा ऐकावं लागू नये. आधी एकटीने वाचावंस, आणि रडायचं तर रडून घ्यावंस, म्हणून हे पत्र.

तुझीच,
आई