तेरा खिडक्या आणि मिस्त्रीची एक

४ मार्च, सोमवार
भावोजींच्या लाँचला चौदा खिडक्या. चौदाही खिडक्यांवर पाणी वाळून पडलेले पांढरे डाग. रविवारी लाँच तीन महिन्यांसाठी दुसऱ्या बंदरात चाललीय. ताईसुद्धा, स्वयंपाकाला. भावोजींनी सगळ्यांसमोर सुनावलं, काचा लख्ख झाल्या तर खलाशी म्हणून नेईन, नाहीतर घर राखत बस. ताईने माझ्यासाठी शब्द टाकला. काही गरज नव्हती. एका दिवसाचं काम आहे. उरलेल्या दिवसांत दोराच्या गाठी शिकेन.

इंजिनवाला मिस्त्री न विचारता बोलला. म्हणे धक्क्यावरच्या नळाचं पाणी जड आहे, डाग त्यानेच पडतात; पाण्यात व्हिनेगर घाल, मऊ फडक्याने पूस आणि लगेच कोरडं कर. मी म्हटलं, मिस्त्री, काचा पुसायच्यात, लोणचं नाही घालायचं. तो म्हणाला, मग घाल गोंधळ. खडूस म्हातारा.

सायं. ५. नळाला पाइप लावून धडाधड धुतल्या. काय चमकल्या! फोटो काढला. उन्हात आपोआप वाळतील म्हणून चहाला गेलो.

५ मार्च
डाग दुप्पट. कोणीतरी मुद्दाम केलंय. मिस्त्रीशी बोलणं बंद. (त्याला कळलं नसावं. दिवसभर गुणगुणत होता.) पुन्हा धुतल्या. पुन्हा चहा.

६ मार्च
तिप्पट. पाळत ठेवायला शेजारच्या शिडाच्या बोटीत लपलो. मिस्त्री जागचा हलला नाही. अशी माणसं हलत नाहीतच. तिथल्या दोरावर एक गाठ शिकलो. ती पायाला बसली. सुटेपर्यंत दुपार गेली. मग बोटीच्या मालकाने हाकललं. उद्धट.

ताई म्हणाली, अरे, मिस्त्रीकाकांना विचार ना, वीस वर्षं झाली त्यांना या कामात. मी म्हटलं, तू कोणाच्या बाजूची? म्हणाली, तुझ्याच बाजूने बोलून बोलून माझं तोंड दुखलं. जरा नाटकीच आहे ती.

७ मार्च
शोध लागला. डागांशी गोड बोलून चालत नाही. ताईच्या मोरीतून तारेची घासणी आणि भांड्यांची पावडर उचलली. पहिल्या खिडकीवरचा डाग साफ! खिडकी थोडी दुधाळ दिसते. पावडर असेल.

भावोजींनी लांबूनच विचारलं, जमतंय का. म्हटलं, बघत राहा. मिस्त्रीचं तोंड बघण्यासारखं होईल.

८ मार्च
तेरा झाल्या. बोटं सोलली. डाग एकही नाही. दुधाळपणा आपोआप जाईल. घाई करणाऱ्यांना हे कळत नाही.

राहिली सुकाणूसमोरची. मिस्त्रीने आतून कडी लावून घेतलीय. ओरडला, हिला हात लावलास तर हात जागेवर ठेवणार नाही. आत स्वतःच पुसत बसलाय. व्हिनेगरचा वास. माझ्या कामाचं श्रेय लाटायची धडपड, दुसरं काय!

९ मार्च, शनिवार
भावोजी आले. एका खिडकीतून बाहेर बघितलं. चष्मा काढून पुसला. पुन्हा बघितलं. मग हळूच म्हणाले, अरे, प्लॅस्टिकच्या आहेत त्या. प्लॅस्टिकला तार लावलीस? मी विचारलं, मग आठवडाभर सगळे काचा काचा का करत होते? भावोजींनी चष्मा खिशात ठेवला. भावोजी ओरडलेही नाहीत. ओरडले असते तर मी भांडलो असतो.

ताई म्हणाली, आता तुझ्यासाठी एक शब्द बोलणार नाही. खरंच बोलली नाही. जेवताना मीठसुद्धा बोटाने मागितलं.

माझाच निर्णय झालाय, जायचं नाही. समुद्राची हवा मला मानवत नाही.

१० मार्च, रविवार, सकाळी ७
लाँच सुटली. सहज धक्क्यावर गेलो होतो. हात हलवला. तेरा खिडक्यांमागे नुसत्या सावल्या. त्यातली एक ताई असणार. तिने हात हलवला की केस सावरले, समजलं नाही.

चौदाव्या खिडकीत मिस्त्री लख्ख दिसत होता. त्याने हात वर केला. मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं. परत बघितलं तर लाँच वळली होती.

सकाळी ८. घरी आलो. ओट्यावर ताईची चिठ्ठी. भांडी घासून ठेव.

घासणी लाँचवर राहिली.