पाचव्या तासाचा चहा

८ डिसेंबर, सोमवार
नववीला आज बोस्टनचा चहा. पुस्तकात चार ओळी, मी त्याचा पूर्ण तास केला. काळोखातलं बंदर, जहाजावर चढलेली माणसं, न विचारता लावलेल्या करावरून फोडून समुद्रात ओतलेल्या चहाच्या पेट्या. ऐन रंगात आले होते, तेवढ्यात मुख्याध्यापक सरांची हाक, "चहाचं बघा गं." शिपायाची जागा रिकामी झाल्यापासून स्टाफरूमचा चहा नववीच्या मुली करतात. रोज एकीचा नंबर, पाचव्या तासातून उठून. आज राणीचा. उठली नाही. "मॅडम, पुढं काय झालं ते ऐकू द्या की. माझा नंबर आला की गोष्ट अर्धीच ऱ्हाती."
म्हटलं, बस.

९ डिसेंबर
चहा नाही. उशिरा नाही, नाहीच. आज जिचा नंबर ती वर्गातच बसलेली. बोलली राणी, "आमाला कुणी इचारलंच न्हाई, मॅडम. त्या बोस्टनवाल्यांसारखं."
स्टाफरूममध्ये मु.अ. : "हे ह्यांना कुणी शिकवलं?" गणिताचे सर माझ्याकडे न बघता माझ्याकडे बघत होते.
"अभ्यासक्रमात आहे, सर." खरं बोलले. पण अभ्यासक्रमात चारच ओळी आहेत, हेही खरं.
घरी ह्यांना सांगितलं. म्हणाले, "पानिपत शिकवायचंस. चहा तरी मिळाला असता."

१० डिसेंबर
एक गोष्ट टोचत होती. तो बोस्टनचा चहा उलट स्वस्त झाला होता, नुसता कर तेवढा न विचारता लावलेला. गोष्ट ढिली पडेल म्हणून सोमवारी गाळलं. आज सांगून टाकलं. मुलींचं बंड निवेल अशी भीती होती. (भीतीच ना? की आशा?)
राणी : "स्वस्त आसला म्हणून काय झालं? इचारायला नको का?"
मु.अ. घरून थर्मास आणतात. केबिनचं दार लावून पितात. आल्याचा वास बाहेर येतो. गणिताचे सर त्या दाराशी खुर्ची टाकून पेपर वाचतात. पान उलटत नाहीत.

११ डिसेंबर
मु.अ.नी तोडगा काढला. विद्यार्थी मंत्रिमंडळात 'चहामंत्री' हे नवं पद. मुलींना नको. मग मुलांना चहाला लावून पाहिलं. पातेलं करपलं, अजून भिजत पडलंय.
शेवटी माझ्याकडे. "मॅडम, दोन-चार दिवस तुमीच बघा की. घरचंच समजा." स्टाफमध्ये बाई मी एकटी.
शेगडीपाशी गेले. बटणावर हात. खिडकीत राणी, तिच्यामागे आणखी वेण्या.
म्हटलं, "माझं डोकं दुखतंय," आणि बाहेर आले. दुखत नव्हतं.

१२ डिसेंबर
खोटं बोलायची काय गरज होती? सरळ नाही म्हणता आलं असतं. मधल्या सुट्टीत केबिनमध्ये गेले. "सर, काल डोकं दुखत नव्हतं. मला चहा करायचा नाही."
ते थर्मासचं झाकण फिरवत राहिले. "दुखत असतं तर बरं झालं असतं, मॅडम."
आता वेगळाच प्रश्न. मी मुलींसाठी नाही म्हणाले की माझ्यावर आलं म्हणून? इतके दिवस मीही पीतच होते. वर 'साखर कमी' असंही सांगत होते.

१३ डिसेंबर, शनिवार
शाळा सुटल्यावर बैठक. राणीला आत घेतलं. मु.अ.नी आधी दम दिला, "तुझ्या आई-बापाला बोलवून घेतो." ते दोघं दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेत, माजलगावकडे.
राणी म्हणाली, "बोलवा की, सर. लई दिवस झाले बघून."
गणिताच्या सरांनी पंखा बंद केला. थंडीत तो चालू का होता, माहीत नाही.
मु.अ. : "मंग तुला पायजे तरी काय?"
"पाचवा तास पुरा पायजे. अन् नंबर लावायचाच तर सगळ्यांचा लावा."
"म्हंजे आमचा बी?" गणिताचे सर.
"तुमी पिताच की, सर."
मु.अ. म्हणाले, सोमवारी बघू. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. मीही तोंड उघडलं नाही. तिच्या बाजूने एक वाक्य तरी...

१५ डिसेंबर, सोमवार
स्टाफचा नंबर लागला. गणिताचे सर पहिले. मु.अ.चा कधी, हे मी त्यांनाच विचारलं. "येईल की," म्हणाले.
पाचवा तास. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा : सगळी माणसं समान. त्याखाली सह्या. वर्ग पूर्ण भरलेला, आता कुणाला उठायचं नाही.
राणीचा हात वर. "सह्या करणाऱ्यांत बाया किती व्हत्या?"
"एकही नाही."
"मंग बैठकीत त्यांचा चहा कोण करायचं?"
पुस्तकात नाही. उद्या सांगते म्हटलं. काय सांगणार?
तेवढ्यात स्टाफरूमकडून भांडं पडल्याचा आवाज, मागोमाग दूध उतू गेल्याचा वास. एकही मुलगी उठली नाही. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. का, ते मग कळलं. खडू हातात घेऊन मी दारापर्यंत गेले होते.