आईची स्वतंत्र खोली

प्लोवदिव

प्रिय ओग्न्यान,

मोठ्या डॉक्टरांना तू केलेल्या एका फोनवर आईला इस्पितळात स्वतंत्र खोली मिळाली. त्या खोलीची किंमत आईच्या उजव्या हाताने भरली. तू व्हिएन्नाहून साऱ्या गोतावळ्याला सांगितलंस, "आई राणीसारखी राहतेय!"

त्या खोलीत सलाईनमधलं औषध शिरेबाहेर झिरपलं. हात कोपरापर्यंत सुजला, कातडी काळी पडली.

"हाक का नाही मारलीत, आजी?" नर्स रादका ओरडली.

"मोठ्या डॉक्टरांच्या ओळखीने आलेय, बाई. कुरकुर कशी करू?"

रादका मला म्हणाली, "सहाजणींच्या खोलीत बायका एकमेकींच्या सुईवर डोळा ठेवतात. जरा सूज दिसली की कालवा करतात."

आईची बोटं आता मिटत नाहीत. तुला कळवू नको, अशी शपथ तिने घातलीय, म्हणून हे पत्र टाकणार नाही. त्या सहाजणींपैकी एकीचाही हात सुजला नाही.

तुझा थोरला,
स्तोइल