आठ वाईट दिवस

१९ ऑक्टोबर, मंगळवार
मदत कचेरीतल्या बाई भाचीकडे बघून म्हणाल्या, "ही तर ठणठणीत दिसते." दिसणारच. आज बरा दिवस आहे. दुखणंच लहरी – अंगातली ताकद मधेच जाते, संध्याकाळी परत येते. वय तेवीस. चष्म्याच्या दुकानात काचा बसवते. मालक म्हणतो, "येते तेव्हा सोनं. पण भरवसा कुठाय?"
मदत मिळाली तर अर्धा दिवस काम करून भागेल. त्यासाठी घरच्यांनी महिनाभर वही भरायची. वाईट दिवस किमान आठ हवेत.
आजवर झालेत सहा.

२१ ऑक्टोबर
पोर गुणगुणतेय, आणि मला धास्ती की बरीच राहिली तर? कसला मामा मी. जन्मभर कपडे शिवले, खोटा टाका घातला नाही. आज घातला. पुढच्या दोन तारखा आत्ताच भरल्या, ऐन वेळी हात धजायचा नाही. २६ – दुपारी चार, उजवा हात. २८ – सकाळी, पाय, जिना.

२६ ऑक्टोबर
दुकानातून तिचा फोन. "मामा, काच सुटली हातातून. उजव्या. घ्यायला ये ना."
किती वाजता, हे मी विचारलंच नाही. तिनेच सांगितलं. चार.

२८ ऑक्टोबर
तिला घरातच ठेवलं. मी आंघोळीला गेलो तेवढ्यात दूध आणायला निघाली. तिसऱ्या पायरीवर बसलेली सापडली. "पाय कुठं गेले रे माझे?" म्हणून हसत होती. मला हसू येईना.

१ नोव्हेंबर, सोमवार
बाईंनी बोट ठेवून आठ मोजले. मंजूर! पण दर महिन्याला वही हवी, आठाला एक कमी पडला की बंद. मालक अर्ध्या दिवसाला तयार झाला. त्याचीही अट – "आता गिऱ्हाइकासमोर कोसळली तर दुसरी मुलगी बघेन."
नवी वही मशीनच्या खणात टाकली. मी तिला हात लावणार नाही.

३ नोव्हेंबर
राहवेना. भाचीला सगळं सांगून टाकलं. रागावली नाही. एवढंच विचारलं, "वेळसुद्धा तीच?"

५ नोव्हेंबर
कात्री काढायला खण उघडला. वहीत तिचं अक्षर. नोव्हेंबरचे आठ वाईट दिवस वेळेसकट भरलेले, चार शनिवार, चार रविवार. दुकान बंद असतं ते.

६ नोव्हेंबर, शनिवार
सव्वासात. आतून शांत हाक आली, "मामा, उशी दे. वेळेवर आलंय."