गोष्टीतली शेजारीण

रविवार, १४ सप्टेंबर

चि. ठकू,

आशीर्वाद. निवृत्त झालीस तरी मला तू चिरंजीवच, तेव्हा मायना तोच.

डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. डॉक्टर म्हणाले, वाचन जपून. मी लगेच तुझं जाडजूड पुस्तक उघडलं. आजकालचे लेखक परीकथा कशा बदलून सांगतात, याचा अभ्यास करायला कुणी पगार देतं, हे तुझ्या वडिलांना शेवटपर्यंत पटलं नाही. मला पटलं होतं.

तुझ्या निरोपाच्या भाषणाला मी शेवटच्या रांगेत होते. चहाला थांबले नाही. फोनवर गुडघ्यांचं कारण सांगितलं, पण गुडघे ठणठणीत आहेत.

तू म्हणालीस, "लहानपणी मला गोष्टी बदलून सांगितल्या गेल्या. तो खोटेपणा पकडला, तिथून माझं संशोधन सुरू झालं." सगळे हसले. मीही हसले. कुणी सांगितल्या ते बोलली नाहीस, तेवढी मेहेरबानी. शेजारच्या खुर्चीतल्या बाई म्हणाल्या, "किती छान बोलतात, नाही?" मी म्हटलं, "पहिल्यापासूनच बोलकी." तू माझी कोण, ते सांगितलं नाही.

मी या घरात आले तेव्हा तू सहा वर्षांची, मी बावीसची. 'सावत्र' हा शब्द घरात कुणी काढायचा नाही असं ठरलं, म्हणून मी मावशी झाले. आल्या आल्या तू गोष्ट मागितलीस. मला येत होत्या त्या सगळ्या गोष्टींत मेली सावत्र आई! कुठे पोरांना उपाशी ठेवते, कुठे जंगलात सोडून येते. तुझ्या तोंडाकडे बघून माझी जीभ रेटेना. तिच्या जागी मी दुष्ट शेजारीण घातली आणि सगळ्या पापांचं खापर तिच्या डोक्यावर फोडलं. आपल्या खऱ्याखुऱ्या शेजारणीशी तू बोलेनाशी झालीस, तरी मी गप्पच.

मग शाळेच्या वाचनालयात तुला मूळ गोष्ट सापडली. पुस्तक माझ्यासमोर धरून म्हणालीस, "मावशी, तू खोटं सांगितलंस." त्यानंतर माझ्याकडे गोष्ट मागितली नाहीस.

चुकलंच माझं. त्या बाईला गोष्टीत राहू द्यायला हवं होतं. तिला ऐकून, मला बघून, तुझं तू ठरवलं असतंस. पण मी घाबरले, ठकू. तू मला तिच्यासारखीच समजशील, असं वाटलं.

पुस्तकात तू गोष्टींतल्या सावत्र आयांची बाजू किती मायेनं मांडलीस! अशी का वागलीस, म्हणून एकेकीला विचारलंस. मला मात्र विचारलं नाहीस. वाचताना रडू आलं. डॉक्टरांना सांगू नकोस.

आता सवड आहे, तर ये. गोष्ट सांगेन, काही न बदलता. वही आणू नकोस.

तुझी,
सावत्र आई