छत्तीस कमरेची पँट

४ फेब्रुवारी, रविवार

काय ती माणसं! भाच्याच्या लग्नासाठी ह्यांना पँट घ्यायची म्हणून त्या काचेच्या बड्या दुकानात गेलो. दारातल्या मुलीने आधी आमच्या चपला पाहिल्या, मग आम्हाला. "सेलचा माल तिकडे आहे." विचारलं होतं का मी? आतला विक्रेता मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसलेला. दोनदा हाक मारली — "तुमचं तुम्ही बघा ना." माप घ्यायला टेप मागितली तर नुसते खांदे उडवले. माझा पारा असा चढला! हे मात्र शांत. "अगं, राहू दे," म्हणत स्वतःच एक पँट उचलून ट्रायल रूममध्ये शिरले.

दार अर्धं उघडून मला दाखवली. बटण लागेना! चांगलं तीन बोटं अंतर. तेवढ्यात तो दीडशहाणा मान वर करून म्हणतो, "काका, आधी पोट कमी करा, मग या."

आणि मी — मी खदाखदा हसले! त्याला वाटलं असेल, बाई कामातून गेली.

त्याला काय ठाऊक. ह्यांचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, दुखणं परत यायचं असेल तर आधी वजन उतरेल. घरी हे नाडीच्या पायजम्यात, काही कळत नाही. वजनकाटा मीच माळ्यावर टाकलाय, बघायचा धीर होत नाही. शुक्रवारी स्कॅनचा रिपोर्ट. अन्न गोड लागत नव्हतं. आणि आज — पोट सुटलंय म्हणे! मेल्याच्या तोंडात साखर पडो.

पँट न घेताच घरी आलो. दोन पोळ्या जास्तच खाल्ल्या मी.

५ फेब्रुवारी

झोपले! चक्क सकाळपर्यंत. हे उठवायला आले — "चहा गार झाला, महाराणी."

७ फेब्रुवारी, बुधवार

ह्यांना न सांगता एकटीच गेले दुकानात. तोच विक्रेता, तोच मोबाइल. छत्तीस कमरेची मागितली. "छत्तीस? एवढी मोठी? नक्की कोणासाठी?"

"माझ्या नवऱ्यासाठी! पोट सुटलंय त्यांचं. तूच नाही का म्हणालास?"

सगळं दुकान वळून बघायला लागलं. बघेना का! छत्तीस म्हणजे आजारपणाआधीचं माप. रिपोर्टच्या आधी ही उडी मारायला नको होती, कळतंय. पण हौस! बिल करायला त्याने मला किती वेळ ताटकळत ठेवलं, तरी भांडले नाही. मी! कधी नव्हे ते.

घरी दाखवली तर ह्यांचा चेहराच पडला. "कशाला एवढी घाई?" घालूनही पाहिली नाही, कपाटात ठेवून दिली. पुरुषांना मेलं जाडं झालेलं कबूल करवत नाही!

९ फेब्रुवारी, शुक्रवार

स्वच्छ! रिपोर्ट अगदी स्वच्छ! डॉक्टरीणबाईंनी स्वतः फोन केला. मी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं. जिवात जीव आला.

रडू मला यायला हवं होतं. पण हेच खुर्चीत बसून हुंदके देऊन रडले. वर्षभर मला धीर देणारे हे! म्हटलं, "अहो, मला तर रविवारीच कळलं होतं." हे माझा हात सोडेनात.

१० फेब्रुवारी

त्या दुकानाची तक्रार करायची होती. जाऊ दे. सुखी राहा म्हणावं.

११ फेब्रुवारी, रविवार

आज लग्नाला निघताना ह्यांनी अखेर ती पँट चढवली. हात सोडला, तशी सरळ घोट्यापाशी!

मी बघतच राहिले. "अहो, पोट—?"

"कुठलं पोट? बत्तीस कंबर आहे माझी. त्या दिवशी मुद्दाम तीसची उचलली होती. तिथे कोण बघतंय!"

"पण का?"

"तू जेवत नव्हतीस, झोपत नव्हतीस. म्हटलं, रिपोर्ट यायच्या आधी चार दिवस तरी हसशील. पुढचं कुणी—"

आणि वाकून पँट वर ओढायला लागले.

रिपोर्ट चांगला येईल असं त्यांना वाटलंच नव्हतं.