तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर

पासली, ता. वेल्हे
४ फेब्रुवारी १९६९

प्रिय रतन,
आणि तिला हे वाचून दाखवणाऱ्या फुलाताई,

आधी खोलीचं दार लावून घ्या. फुलाताई, मध्येच थांबून तिच्या तोंडाकडे बघत बसू नका, आणि एखादं वाक्य वाचायला अवघड वाटलं तरी गाळू नका. गाळलेलं रतनला कळतं. मी एकदा कंटाळून अर्धं पान उडवलं होतं, तर ही म्हणाली, "सर्जेराव, मधल्या पायऱ्या कुठं गेल्या? माझा पाय मुरगळला की."

तुझं पत्र पोचलं. बी.ए.चं शेवटचं वर्ष, परीक्षा एप्रिलात, लेखनिकाचा फॉर्म फेब्रुवारीअखेर भरायचा, "तू येशील ना? तुझ्याशिवाय माझं काही खरं नाही." हे शेवटचं वाक्य दहा दिवस खिशात घालून फिरतोय. दुसऱ्या कुठल्या बाबतीत तू असं म्हणाली असतीस तर पासलीपासून पुण्यापर्यंत पळत आलो असतो. पण तुला माझा हात हवाय तो उत्तरपत्रिकेवर, हे मला नीट ठाऊक आहे.

आठवतं का, गेल्या वर्षी या लेखनिकापायी मी काय तमाशा केला होता ते? भोरची मुलगी, जन्मापासून दिसत नाही, पाठांतरावर दुसऱ्या वर्षापर्यंत आलेली, आणि तिचा पेपर लिहायला माणूस द्यायचा कसा हे कॉलेजात कुणालाच माहीत नव्हतं. डॉक्टरांचा दाखला, प्राचार्यांची सही, युनिव्हर्सिटीची परवानगी, वेगळी खोली, अर्धा तास जादा वेळ. एकेका कागदासाठी मी ऑफिसात उभा राहून भांडलो. एक फॉर्म तर रागानं फाडला. हेडक्लार्क कुंडलिकराव चष्मा पुसत म्हणाले, "मोहिते, आधी नियम वाचा, मग भांडा. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा कमी शिकलेला लागतो. तुम्ही तिच्याच वर्गात. तुम्ही लिहिलंत तर उत्तर कुणाचं हे कोण सांगणार?" मी म्हटलं, मग कॉलेजातून माझं नाव काढून टाका. ते हसले. त्यांना वाटलं चेष्टा करतोय. मी तिथंच अर्ज खरडला आणि कॉलेज सोडलं. तू आठवडाभर बोलली नाहीस. मग म्हणालीस, "शहाणाच आहेस. आता निदान अक्षर तरी नीट काढ."

त्यांचा तो प्रश्न तेव्हा मला मूर्खपणाचा वाटला होता. आज वाटत नाही.

आपल्याला जीवशास्त्राची सामानाची खोली दिली होती. तुला नुसता वास यायचा, मी बरण्या बघायचो. फॉर्मालिनमध्ये वेटोळं करून बसलेले साप, डोळे मिटलेलं डुकराचं पिल्लू. पर्यवेक्षक दारात खुर्ची टाकून बसायचे. तू सांगायचीस, मी लिहायचो. शेवटचा पेपर तर्कशास्त्राचा. दोन प्रश्न झाले, तू पाणी प्यालीस, आणि तिसरा सुरू झाला. तू जरा हळू सांगत होतीस, पण स्पष्ट. एका ठिकाणी "हे खोड, पुन्हा सांगते" म्हणालीस, मी ओळ खोडली. साडेचार पानं झाली. सही करताना सर म्हणाले, "आज बाई फारच हळू बोलत होत्या, मला तर काहीच ऐकू आलं नाही."

बाहेर आलो. जिन्यात तू माझं मनगट धरलंस आणि म्हणालीस, "तिसरा गेला. पाणी प्याले आणि सगळं पुसल्यासारखं झालं. अर्धा तास नुसती बसून होते. तू लेखणी ठेवून गप्प राहिलास ते बरं केलंस. बोलला असतास तर रडले असते."

रतन, मी लेखणी ठेवली नव्हती.

तेव्हाच सांगायला हवं होतं. मनगट तुझ्या हातात होतं, ते तू सोडू नयेस एवढंच मला वाटत होतं. वाटलं, वाचून दाखवून दाखवून मलाच सगळं पाठ झालं असेल आणि तुझ्या आवाजात मीच मला सांगितलं असेल. पण फुलाताई, तुम्ही आठवून बघा. तिसऱ्या प्रश्नाचं ते प्रकरण तिला तुम्ही वाचून दाखवलंत. मी हिवतापानं इकडं गावी पडलो होतो. मी ते आजपर्यंत उघडलेलं नाही.

निकाल लागला तेव्हा तर्कशास्त्रात कॉलेजात सगळ्यांत वर तू. खूश झाली नाहीस. "तपासणाऱ्यानं आंधळी म्हणून दया केली. मला दयेचे मार्क नकोत," म्हणालीस आणि दोन दिवस जेवली नाहीस. मी समोर बसून तुला समजावत होतो, आणि तरीही सांगितलं नाही.

मग मी इकडं आलो. दिवाळीनंतरही सगळं ठीक होतं. आता भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायचे, राबाचे दिवस आलेत, जाळायला रानात फांद्या तोडायला जातो. महिनाभर झाला, अकराच्या सुमाराला, लख्ख उन्हात, कोयता चालवताना तू सांगायला लागतेस. पेपर अकरालाच सुरू व्हायचा ना. उत्तरंच असतात, दुसरं काही नाही. मध्येच थांबतेस, "लिहिलंस?" विचारतेस. मी कोयता ठेवून उभा राहतो. परवा आई भाकरी घेऊन आली. मला वाटलं ती विचारणार, एकटाच काय उभा हाईस. तिनं फडकं सोडलं, भाकरी पुढं केली आणि म्हणाली, "आदी खाऊन घे. त्या पोरीला म्हनावं, वाईच दम धर. किती भराभरा सांगतीया." मी विचारलं, कोण पोरगी? आईनं माझ्याकडं बघितलं आणि फडकं गुंडाळून घराकडं वळली. त्या दिवसापासून भाकरी घेऊन ती रानात येत नाही, वाटेवरच ठेवून जाते.

म्हणून मी येणार नाही. तू बोललीस ते आणि मला ऐकू आलं ते, यातला फरक मला कळेनासा झालाय. असा माणूस तुझ्या शेजारी बसता कामा नये. सोबतचा फॉर्म आंबवडे गावच्या बना नावाच्या मुलीचा आहे. मॅट्रिक झालीय, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं, हेडमास्तरांची सही घेतलीय. मी तिची परीक्षा घेतली. तासभर मजकूर सांगितला आणि मुद्दाम मध्येच गप्प झालो. तिनं लेखणी खाली ठेवली आणि चिमण्या बघत बसली. पाऊण तास. मग म्हणाली, "दादा, झोपलात व्हय?" लेखनिक असा पाहिजे.

दुसरा कागद माझा कबुलीजबाब आहे, युनिव्हर्सिटीच्या नावानं. पुढचं मन घट्ट करून ऐक. तो धाडलास तर तुझा दुसऱ्या वर्षाचा निकाल रद्द होईल, आणि तुझ्यामागून परवानगी मागणाऱ्या मुलांनाही ऑफिसात उभं करणार नाहीत. फाडलास तर कुणाला कधी कळणार नाही. पण ती साडेचार पानं तुझी होती की माझी, हे ठाऊक नसताना तू धाडूही शकणार नाहीस आणि फाडूही शकणार नाहीस, एवढा मी तुला ओळखतो. त्यासाठीच हे पत्र. येत्या सोळा तारखेच्या रविवारी, सकाळी अकराला, खोलीत एकटी बस आणि मनातल्या मनात एक वाक्य म्हण. ओठ हलवू नकोस, फुलाताईंनाही सांगू नकोस. मी इथं रानात वही घेऊन बसेन, जे ऐकू येईल ते लिहीन आणि त्याच दिवशी टपालात टाकीन. जुळलं, तर ती पानं तुझी, कबुलीजबाब फाडून टाक आणि ताठ मानेनं परीक्षेला बस. नाही जुळलं, तर ती माझी, कागद धाडून दे, मी येऊन शिक्षा घेईन. वाक्य कुठलंही चालेल. फक्त त्यात माझं नाव घालू नकोस. ते मला तू न बोलताही ऐकू येतं.

तुझाच,
सर्जेराव